ओठ न लावता

"दिवसाला दूध किती वेळा पिते?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. माझी मुलगी म्हणाली, "चार बाटल्या." मी शेजारूनच म्हणाले, "सात."

मुलीनं माझ्याकडं रागानं बघितलं. बघू दे. आईला लाज वाटते म्हणून पोरीचं रक्त वाढत नसतं. डॉक्टरीणबाईंनी नातीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून मला दाखवली. आत लाल दिसायला हवं तिथं धुऊन विटलेल्या कापडासारखं पांढुरकं दिसत होतं. तपासणीचा कागद टेबलावर होताच. दीड वर्षाची पोर, अंगानं गुटगुटीत, गाल असे की रस्त्यातल्या बायका थांबून ओढायच्या, आणि अंगात रक्त नाही.

"अज्जी, हे बाटलीचं काम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांची भाषा कन्नड, मराठी सावकाश जुळवून बोलायच्या. "पोट दुधानं भरतंय. मग भाकरी नको, डाळ नको, भाजी नको. नुसत्या दुधानं रक्त होत न्हाई. बाटली बंद करा. ग्लासनं प्यायला शिकवा, स्ट्रॉनं शिकवा. मी लोहाचे थेंब देते. सहा आठवड्यांनी परत रक्त बघू. वाढलं न्हाई तर ॲडमिट करून शिरेतनं द्यावं लागतंय."

शिरेतनं! त्या एवढ्याशा मनगटात सुई खुपसायची आणि हात फळीला बांधून ठेवायचा, हे डोळ्यासमोर आलं. मी तिथंच ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, ही पोर सहा आठवड्यांत ग्लासनं पिणार. मी निपाणीत तीसेक वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला. नाक पुसायला न येणारी पोरं माझ्या हाताखालून वाचायला शिकून गेली. ग्लास तोंडाला लावणं ही काय विद्या, असं मला वाटलं. फुशारकीच ती.

आता घर कसं होतं ते सांगते. मुलगी बेळगावजवळ मच्छे गावातल्या कारखान्यात इंजिनियर, जावई बेळगावच्या कोर्टात वकील. दोघं सकाळी नऊला बाहेर पडतात. घर दुमजली. वर ही दोघं आणि नात, खाली विहीणबाई, म्हणजे जावयाची आई. मी सोमवारी निपाणीहून पहिल्या बसनं यायची आणि शनिवारी परत जायची. दिवसभर नात आम्हा दोघी आज्ज्यांच्या ताब्यात.

विहीणबाईंचं घराणं बेळगावात चार पिढ्यांचं. देवघर, सणवार, गल्लीभर नातेवाईक. आम्ही बौद्ध. माझे आईवडील बोरगावचे, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत दोघांनी जन्म घालवला. मुलांनी लग्न आपलं आपण ठरवलं. विहीणबाई लग्नाला आल्या, फोटोला उभ्या राहिल्या, आणि पोट बरं नाही म्हणून न जेवता गेल्या. पुढं दोन वर्षं आमचं बोलणं फोनवर, तेही सणाला. मग नात झाली आणि आम्ही एका सतरंजीवर आलो. पण बोलणं काय? ताप किती, शी कशी झाली, दुपटी वाळली का. वर येताना त्या आपल्या पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन यायच्या. मला ते दिसत होतं. दिसलं तरी दिसलं नाही असं दाखवायची सवय मला लहानपणापासूनची, त्यामुळं फारसं जड गेलं नाही. खोटं कशाला बोलू, जात होतं.

बाटल्या तीनच होत्या, उकळून उकळून सात वेळा भरायच्या. त्याच शनिवारी मी तिन्ही पिशवीत घालून निपाणीला नेल्या आणि तिथल्या कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. घरात ठेवल्या असत्या तर कुणाचं तरी मन विरघळलंच असतं. माझंही.

पहिला आठवडा नुसता आकांत. नात बाटलीची जागा, म्हणजे ओट्याचा कोपरा, दाखवून रडायची. रडून दमली की झोपायची, उठली की परत रडायची. दूध ग्लासात दिसलं की तोंड फिरवायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसं तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं डाळीत कुस्करलेली भाकरी चार घास खाल्ली आणि मी खूश झाले. पण लगेच दुसरी काळजी. दूध गेलं ते ठीक, पण पाणीही पोटात जाईना. उन्हाळ्याचे दिवस. लंगोट कोरडे राहायला लागले, पोट कडक झालं. मी चमच्या-चमच्यानं पाणी पाजत बसायची. एक वाटी पाणी पाजायला अर्धा तास, त्यातलं अर्धं माझ्या पदरावर. असं किती दिवस चालणार?

म्हणून आधी स्ट्रॉ. मुलीनं मोबाईलवर बघून मला रीत सांगितली. नळी पाण्यात बुडवायची, वरचं तोंड बोटानं दाबायचं, नळीत थोडं पाणी अडकतं, ते बाळाच्या जिभेवर सोडायचं. दोनचारदा केलं की बाळाला कळतं, ह्यातून काहीतरी येतं, मग ते ओढायला लागतं. आमच्या बाईसाहेबांना कळलं, पण उलटं. तिनं ओढायच्या ऐवजी फुंकलं. नाचणीची आंबील पेल्यातून उसळली ती थेट विहीणबाईंच्या चष्म्यावर. मला हसू आवरेना. विहीणबाईंनी चष्मा पदरानं पुसला आणि त्याही हसल्या. आम्ही दोघी मिळून हसलो असं ते पहिल्यांदाच. नातीला वाटलं, आपण काहीतरी थोर केलं. पुढचे आठ दिवस ती स्ट्रॉ दिसली की फुंकायचीच.

विहीणबाई एके दिवशी चांदीचं बोंडलं घेऊन आल्या. तेच ते चोचीचं छोटं भांडं, जावई त्यातनंच दूध प्यायला होता. त्यांनी ते चिंचेनं घासून लख्ख केलं होतं. मी म्हणाले, "नको. चोचीतनं आपोआप तोंडात पडतंय. हिला स्वतः शिकायचंय." बोलणं बरोबरच होतं, पण मी ते पहिलीतल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले. त्या बोंडलं पदराखाली घेऊन खाली गेल्या. मागून मला वाईट वाटलं, पण खाली जाऊन तसं सांगितलं नाही.

मग राहिला ग्लास. बाजारातून तिच्या मुठीत मावेल असा स्टीलचा छोटा पेला आणला. तळाला दोन घोट पाणी घातलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं दोन्ही हातांनी व्यवस्थित धरला. मी मनात म्हणाले, झालं, जिंकलं. तिनं पेला वर उचलला, तोंडाच्याही वर, कपाळाच्याही वर, मान मागं टाकली, तोंड उघडलं, आणि सगळं पाणी नाकाडोळ्यांत ओतून घेतलं. ठसका लागला, घाबरली, आणि जो सूर लावला तो तासभर.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पेला तिच्या ओठाला लावून धरायची, ती तो हिसकावून वर न्यायची आणि ओतून घ्यायची. पाण्याऐवजी आंबील दिली तर आंबील केसांत. आम्हाला वाटलं, बाटली काढली म्हणून राग काढते आहे. जावई म्हणाला, "लई हट्टी हाय, आईवर गेलीय." मुलगी म्हणाली, "कुठल्या आईवर ते सांग." मला हसू आलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं पेला पुन्हा डोक्यावर नेला आणि मी तिच्या हातावर चापट मारली. जोरात नाही. पण मारली. तीसेक वर्षांत वर्गात मी पोरांवर हात उचलला नव्हता, आणि स्वतःच्या नातीवर उचलला. तिनं रडायच्या आधी माझ्याकडं जे बघितलं ते मला अजून सहन होत नाही. तिच्या नजरेत राग नव्हता. काय चुकलं, असं ती विचारत होती.

त्याच आठवड्यात मी बाजारातून भाजी घेऊन लवकर परतले, तर वर नात शांत. इतकी शांत की मला शंका आली. खोलीत विहीणबाई मांडी घालून बसलेल्या, मांडीवर नात, आणि तिच्या तोंडात नवीकोरी बाटली.

"हे काय ओ?" मी म्हणाले.

"मला बघवत न्हाई," त्या म्हणाल्या. "चार दिस झाले पोर सुकत चाललीय. तुमचं काळीज दगडाचं हाय."

"व्हय, दगडाचंच हाय. तुमच्या मऊ काळजानं तिला सुई लागंल तवा तुमीच धरा तिचा हात."

भाजीची पिशवी अजून माझ्या हातातच होती. विहीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नातीच्या तोंडातून बाटली हळूच काढली, माझ्यासमोर फरशीवर ठेवली आणि म्हणाल्या, "न्या. कुठं टाकायची तिथं टाका. पर मग ती पिणार कशी ते सांगा. तुमी मास्तरीण हाय न्हवं?"

मी बाटली उचलून पिशवीत घातली. सहातले दोन आठवडे सरले होते.

त्या संध्याकाळी मी दारात पाय पसरून नुसती बसले होते. नात समोर फरशीवर रिकामा पेला घेऊन खेळत होती. जावई कोर्टातून आला, काळा कोट खुर्चीवर टाकला, ओट्यावरचा तांब्या उचलला, मान मागं टाकली आणि वरून धार तोंडात सोडली. घळघळघळ, गळ्याचा मणी वरखाली. मागोमाग मुलगी आली. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, ओठापासून चार बोटं वर धरली, धार सोडली. विहीणबाई वर आल्या, आपल्या तांब्यातून त्याही तशाच प्यायल्या. मला तहान लागली होती म्हणून मी फुलपात्र उचललं, आणि माझी मान मागं जायला लागली.

मी तिथंच थांबले. खाली बघितलं. नातीनं रिकामा पेला कपाळाच्या वर धरला होता, तोंड उघडं, डोळे मिटलेले, आणि घशातून स्वतःच आवाज काढत होती, "घळ घळ घळ."

हट्ट कसला न् काय! पोर फळ्यावर जे लिहिलंय तेच पाटीवर उतरवत होती. आमच्या घरात पाणी ओठ लावून कुणी पीतच नव्हतं. चहा तेवढा आम्ही ओठ लावून प्यायचो, पण गरम कप पोरीच्या हाती लागू नये म्हणून ती झोपल्यावरच. माणसं पितात म्हणजे वर धरून ओततात, एवढंच तिनं जन्मापासून बघितलं होतं. आणि तिला जमेना तरी ती रोज प्रयत्न करत होती. इतकी गुणी विद्यार्थिनी मला नोकरीत क्वचित मिळाली, आणि मी तिच्या हातावर मारलं. मी तिला उचलून घेतलं आणि सगळ्यांच्या देखत रडले. मुलगी घाबरली, "आई, काय झालं गं?" मी म्हणाले, "काय न्हाय. मला कळलं."

दुसऱ्या दिवशी घर रिकामं झाल्यावर मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांना लगेच पटलं. म्हणाल्या, "आमच्यात ओठ लावत न्हाईत. उष्टं हुतंय. सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्या दिवशी शिकवलं. माझ्या हातनं एकदा तांब्याला ओठ लागला तर त्यांनी तो तीनदा राखेनं घासायला लावला. आता चाळीसएक वर्षं झाली. तुमच्यातबी तसंच असतंय का?"

हा प्रश्न त्यांनी साधेपणानं विचारला होता. टोमणा नव्हता त्यात. मी हो म्हणून सोडून देऊ शकले असते. माझ्या मुलीलाही वाटतं, आई स्वच्छतेची भोक्ती आहे. पण नातीच्या हातावरची ती चापट माझ्या मनातून जात नव्हती, आणि त्या दिवशी मला खोटं बोलवेना.

"तसं न्हाय," मी म्हणाले. "लहानपणी बोरगावात आम्हाला भांडंच मिळायचं न्हाय. आम्ही ओंजळ धरायची, वरनं कोणतरी ओतायचं. मग शिकले, नोकरी लागली. पहिल्या शाळंत गेले तर मास्तरांच्या खोलीत माठावर सहा ग्लास एका रंगाचे आणि एक वेगळा. कुणी काय बोललं न्हाय. पर माझ्यासाठी कुठला ते मला कळलं. मी तो ग्लास कधीच उचलला न्हाय. त्या सहातला उचलायची, ओठ न लावता वरनं प्यायची, आणि सगळ्यांदेखत परत ठेवायची. म्हणजे धुवायला लागंल असं मी कायच केलं न्हाय. कोण काय बोलणार? तवापासनं मी कुठल्याच भांड्याला ओठ लावला न्हाय. माझ्या घरात बी न्हाय."

एवढं मी आयुष्यात कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. उलट राग आला, स्वतःचा, त्यांचा, सगळ्यांचाच. विहीणबाई खाली फरशीकडं बघत होत्या. शेजारी त्यांचा तांब्या होता. त्यांनी तो उगाच थोडा मागं सरकवला.

शेवटी मीच म्हणाले, "ते जाऊ द्या. पोरीपुढं ओठ लावून प्यायला लागंल, तुम्हाला आणि मला. रोज. हुईल का?"

"हुतंय की," त्या म्हणाल्या. "न हुऊन काय करता?"

मी वेळापत्रक केलं. सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी चार. तीन सारखे स्टीलचे पेले. सुरुवातीला पातळ पाणी नाही, दाटसर आंबील. ती पेल्यात सावकाश सरकते, एकदम अंगावर येत नाही. आम्ही तिघी गोल बसायचो. आणि मग दोन म्हाताऱ्यांची जी तारांबळ उडायची! ठरवून पेला ओठाला लावायला गेलं की मान आपोआप मागं जायची. विहीणबाईंनी पहिल्या दिवशी ओठ इतके घट्ट मिटून घेतले की आंबील हनुवटीवरून पोलक्यात. मी म्हणाले, "तुम्हालाच लाळेरं बांधायला पायजे." त्या म्हणाल्या, "आधी तुमचं नाक पुसा." जावई-मुलीलाही ताकीद दिली, पोरीसमोर वरून प्यायचं बंद. वकीलसाहेब दोनदा विसरले, दोन्ही वेळा मी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला.

नात बघत होती. दोन दिवस नुसतीच बघत होती. तिसऱ्या दिवशी तिनं पेला वर नेता नेता थांबवला, खाली आणला, काठ ओठाला टेकवला. ओठ मिटलेलेच. पण टेकवला. पुढं दोन दिवस नुसतं टेकवणं, चाटणं, काठ चावणं. चौथा आठवडा लागला तेव्हा तिनं एक दिवस आपला पेला बाजूला ढकलला आणि माझा मागितला, मी नुकताच प्यायलेला. मी दिला. तिनं तो दोन्ही हातांत धरला, काठ खालच्या ओठावर ठेवला, थोडा तिरपा केला, आणि गिळलं. ठसका नाही, सांडणं नाही. वरच्या ओठावर आंबिलीची मिशी. मला ओरडावंसं वाटलं, पण तिचं लक्ष उडेल म्हणून गप्प बसले.

मग तिनं तोच पेला विहीणबाईंपुढं धरला. "घे."

पोरांचे कायदे वर्गात मी पुष्कळ बघितले आहेत. एकदा कायदा केला की तो मोडत नाही. मी प्यायले, मग ती प्यायली, आता तिसरीची पाळी. विहीणबाईंनी आपला स्वतःचा पेला उचलून दाखवला, "मी ह्यातलं पिते गं बाळा." नातीनं मान हलवली. "घे." पेला पुढंच. ओठ थरथरायला लागले, आता रडणार आणि तीन आठवड्यांचं सगळं वाया जाणार. त्या पेल्याच्या काठावर माझ्या ओठाचा ठसा स्पष्ट दिसत होता, त्याच्याशेजारी नातीचा.

मी उठले आणि खिडकीशी जाऊन रस्त्याकडं बघत उभी राहिले. त्यांना वाट करून दिली. नुसता ओठाजवळ नेऊन परत दिला तरी मला दिसणार नव्हतं, आणि न दिसलेल्याचा मला त्रास होणार नव्हता. मागं नात खुदकन हसली. मी वळले तेव्हा पेला पुन्हा तिच्या हातात होता आणि विहीणबाई पदरानं तोंड पुसत होत्या. प्यायल्या की नाही, मी विचारलं नाही. पुढं रोज फेरी तशीच चालायची, माझ्यापासून नातीकडं, नातीकडून त्यांच्याकडं, आणि त्यांची पाळी आली की मी रोज काहीतरी निमित्त काढून तोंड फिरवायची. कधी गॅस बघायचा, कधी वाळलेले कपडे. पोर प्यायला लागली होती. जेवायला लागली होती. मला बाकी काही नको होतं, असं मी स्वतःला सांगत होते.

सहा आठवडे झाले. मुलीला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच नातीला घेऊन गेलो. रक्त घेताना ती किंचाळली आणि विहीणबाईंनीच तिचा हात धरून ठेवला. बाहेर बाकावर थांबलो. तिथं त्यांच्या गल्लीतल्या एक बाई नातवाला घेऊन आलेल्या होत्या, चांगल्या ओळखीच्या. "सूनबाईच्या आई का ह्या?" त्यांनी माझ्याकडं बघत विचारलं, आणि विहीणबाई "व्हय" म्हणाल्या. त्या बाईंनी मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते बघणं मी ओळखते.

थोड्या वेळानं आत बोलावलं. दार उघडंच होतं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, नातीची पापणी ओढून बघितली आणि पहिल्यांदाच हसल्या. "वाढलंय. छान वाढलंय. ॲडमिट करायचं न्हाई." मी नातीचा पापा घेतला. "पण अज्जी," त्या पुढं म्हणाल्या, "बाटली खरंच सुटली? घरात गुपचूप देणारं कोणतरी असतंयच. ही ग्लासनं पिते ते मला दाखवा."

सिस्टरनं स्टीलच्या ग्लासात पाणी आणलं. "कुडी मरी, कुडी," पी बाळा पी, असं म्हणत तिनं तो नातीच्या हातात दिला. नातीनं ग्लास धरला आणि तोंड मिटून घेतलं. डॉक्टरीणबाईंची भुवई वर गेली. नातीनं ग्लास माझ्यापुढं केला. कायदा तो कायदा. मी एक घोट प्यायले, ओठ लावून. मग ती प्यायली, नीट, मोठ्या माणसासारखी, आणि ग्लास विहीणबाईंपुढं धरला. "घे."

दारातून बाकावरच्या बाई बघत होत्या. मान लांब करून बघत होत्या. मी नेहमीप्रमाणं तोंड फिरवलं, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडं.

"विहीणबाई," मागून आवाज आला. "इकडं बघा."

मी वळले.

"रोज तोंड फिरवता तुमी. आता फिरवू नका." त्यांनी ग्लास घेतला. माझा ओठ जिथं लागला होता ती बाजू त्यांनी आपल्याकडं वळवली, आणि दाराकडं तोंड करून, ओठ लावून प्यायल्या. एक घोट नाही, दोन. सावकाश. बाकावरच्या बाईंची नजर खाली जाईपर्यंत. मग ग्लास माझ्या हातात दिला. मी त्याच बाजूनं एक घोट प्यायले.

नातीनं माझ्या हातातून ग्लास ओढून घेतला, उरलेलं संपवलं आणि रिकामा ग्लास उलटा करून डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण विहीणबाईंनी ग्लास उचलून सिस्टरपुढं धरला.

"आणखी थोडं आणा ओ," त्या म्हणाल्या. "आमची दुसरी फेरी व्हायचीय अजून."